कोळपं धरण्याआधी शाळूची मुळं बघा

हस्त नक्षत्रात पेरलेला शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, आता तीन आठवड्यांचा झाला असेल. वरची चार-पाच पानं हिरवी दिसतात म्हणून निर्धास्त राहू नका. खुरपं घेऊन रानात जा, पाच-सहा ठिकाणची रोपं मातीच्या ढेकळासकट काढा, माती हलक्या हाताने झाडा आणि मुळं बघा. माण, खटाव, जत, आटपाडीच्या जिरायत रानात शाळूचं पुढचं बरंचसं याच दिवसांत ठरतं.

ज्वारीच्या दाण्यातून आधी एकच मूळ निघून सरळ खाली जातं. गव्हाला अशी तीन ते सहा मुळं असतात. ज्वारी-बाजरीची सगळी भिस्त त्या एकावर. दोन-तीन आठवड्यांनी बुडख्याशी, जमिनीखाली जेमतेम इंचभर, मुकुटमुळं फुटू लागतात. ताट उभं धरायचं आणि कणसाला पाणी पोचवायचं ते यांनीच. अडचण नेमकी इथे येते. वरची दोन बोटं माती कोरडी ठणठणीत झाली, तर ही मुळं फुटल्या जागीच थांबतात. बुडख्याला नुसती बुटकी टोकं दिसतात. खाली वीतभरावर ओल असते, पण रोप तिच्याशी एकाच दोरीने बांधलेलं राहतं. वारा सुटला की अशी रोपं बुडातून डुलतात.

खोल पेरलं तर मुकुटमुळं खोल फुटतील, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. बी खोल पडलं तरी कोंबाचा देठ लांबतो आणि बुडखा वरच, त्याच थरात येऊन बसतो. म्हणून पाच सेंटिमीटर खोली पुरे.

म्हणजे खरं काम वरच्या थराची ओल राखण्याचं आहे, आणि ते कोळपं, म्हणजे ओळींमधली माती हलवणारं अवजार, करतं. पहिली कोळपणी तीन आठवड्यांनी, दुसरी पाचव्या, तिसरी आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने. पहिली उथळच ठेवा. कोळप्याची पास, म्हणजे लोखंडी पातं, ओळीला घासून नेऊ नका, कोवळी मुळं तुटतात. भुसभुशीत माती बुडख्याला लागली की तिच्याखाली ओल टिकते आणि थांबलेली मुळं पुन्हा चालू लागतात. विरळणी राहिली असेल तर आजच उरका. दोन रोपांत पंधरा सेंटिमीटर अंतर ठेवा; दाट रोपं एकमेकांची ओल ओढतात.

या दिवसांत रोप बसल्यासारखं दिसलं तर घाबरून युरिया फेकू नका, ही कळकळीची विनंती. पाणी कमी पडू लागलं की रोप आधी पानांची वाढ आवरतं आणि अन्न मुळांकडे वळवतं. वर थांबलेलं रोप खाली ओल शोधत असतं. कोरड्या मातीवर पडलेला युरिया त्याच्या काही कामाचा नाही.

पानांकडेही लक्ष ठेवा. दुपारी सुरळी होऊन संध्याकाळी उघडत असतील तर मूळ अजून ओलीत आहे. सकाळी उजाडतानाच पानं वळलेली दिसली तर मात्र वेळ थोडा आहे.

शेततळ्यात किंवा विहिरीत एकाच पाळीचं पाणी असेल, तर निर्णय उपटलेल्या रोपावरून घ्या. मुकुटमुळं बुटकीच राहिली असतील तर अठ्ठावीस ते तीस दिवसांनी पाणी द्या. ती चांगली खाली उतरली असतील तर माझ्या मते ते पाणी पन्नास-पंचावन्न दिवसांसाठी, पोटरीच्या वेळेला, म्हणजे कणीस अजून पानाच्या वेष्टनात असताना, राखावं. रोज थोडं थोडं शिंपडण्यापेक्षा एकदाच, वीतभर माती भिजेल असं द्या. पाणी दिल्यावर वाफसा येताच, म्हणजे माती अवजाराला चिकटेनाशी होताच, कोळपं फिरवा, नाहीतर भेगांतून ओल उडून जाते.

हलक्या मुरमाड रानात हे सगळं आठवडाभर आधी बघावं लागतं. तिथे पुढच्या वर्षी मालदांडी वाणाऐवजी फुले अनुराधा किंवा फुले माउली हे वाण पेरा. गव्हाची पेरणी करणाऱ्यांनी अठरा ते एकवीस दिवसांचं पाणी चुकवू नये. त्याचीही मुकुटमुळं तेव्हाच फुटतात.