दुसरे घर आधी मांडा: नाशिकमध्ये घडणारी दुहेरी आयुष्याची थरारकथा कशी लिहावी

जोडीदाराचे दडवलेले दुसरे आयुष्य हा विषय घेऊन लिहायला बसणारे बहुतेक लेखक पहिल्या घरापासून सुरुवात करतात. सुखी संसार, अवेळी आलेला फोन आणि मग नायिकेचा शोध, असा तो क्रम असतो. या क्रमाने लिहिलेली कथा मध्यावर अडते, कारण नायिका जे शोधून काढणार आहे ते लेखकानेच अजून पुरते पाहिलेले नसते. म्हणून माझा आग्रह असा, की कथेचे पहिले वाक्य लिहिण्याआधी ते दुसरे घर संपूर्ण मांडून घ्यावे. त्या घराचे भाडे कोण भरते, गॅसची जोडणी कोणाच्या नावावर आहे, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव काय लागले आहे, आणि दिवाळीच्या पाडव्याला नवऱ्याला ओवाळण्यासाठी तिथली बाई किती वाजेपर्यंत ताट तयार ठेवून बसते, या प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून ठेवावीत. पाडवा एकच असतो आणि ओवाळणाऱ्या दोघी असतात. त्या एका दिवसाचे तासातासाचे वेळापत्रक जुळवता आले, तर हा माणूस वर्षानुवर्षे कसा निभावून नेतो हे लेखकाला कळू लागते.

त्यानंतर नवऱ्याचा व्यवसाय ठरवावा, आणि तो नाशिकच्या मातीतला असावा. द्राक्षे निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्याकडचा खरेदी अधिकारी हे उदाहरण घेऊ. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात बागेवर जाऊन सौदे करणे, पहाटे तोडणीला उभे राहणे आणि रात्री पॅकहाऊसवर थांबणे हे त्याचे काम आहे, त्यामुळे घरी न येण्याला त्याच्याजवळ सदैव कारण असते. मात्र हे कारण हंगामी आहे. नाशिक भागात द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते एप्रिल चालते, त्यानंतर वेलीला नव्या काड्या फुटाव्यात म्हणून खरड छाटणी होते, आणि पावसाळा ओसरताना फळ धरण्यासाठीची गोडी छाटणी सुरू होते. ऑगस्टमध्ये हा माणूस ‘तोडणीला चाललो’ असे सांगू शकत नाही. तसे त्याला सांगायला लावले, तर जिल्ह्यातला वाचक पुस्तक तिथेच मिटेल. म्हणून बारा महिन्यांचा तक्ता करून कोणत्या महिन्यात कोणते खोटे चालते हे नक्की करावे. जून ते सप्टेंबर हा त्याचा अडचणीचा काळ आहे, आणि कथा त्याच काळात सुरू करावी, कारण तेव्हा त्याला सबबी शोधाव्या लागतात आणि सबब शोधणारा माणूस चुकतो.

पैशाचा हिशेब टाळू नये. दोन घरे चालवायला दोन घरांचा खर्च लागतो, आणि पगार ज्या खात्यात जमा होतो ते खाते बायकोला दिसते. मग दुसऱ्या घराचा पैसा येतो कुठून? सौद्यामागे हातात पडणारी रोख दलाली हे एक सरळ उत्तर आहे. बागायतदारांचे पैसे थकवून व्यापारी पसार होण्याचे प्रकार या जिल्ह्यात वारंवार घडले आहेत. त्यामुळे संतापलेला एखादा शेतकरी दारात येऊन उभा राहिला, की नायिका आणि वाचक दोघेही काही काळ असे समजतील की नवरा कर्ज किंवा फसवणूक लपवतो आहे. वाचकाला भलत्या दिशेने नेणारा धागा असा मूळ कारणातूनच निघालेला असावा. ज्या वाटेने वाचक चुकला त्याच वाटेवर पुढे खरे उत्तर सापडले, तर त्याला फसवल्यासारखे वाटत नाही.

आता पहिला पुरावा. मोबाइलमधले संदेश चोरून वाचणे इतके वापरले गेले आहे, की ते पूर्ण वर्ज्य करावे असे मी म्हणेन. त्याऐवजी घरात उघडपणे येणारी नोंद घ्यावी. समजा गाडी नायिकेच्या नावावर आहे आणि फास्टॅगला तिचाच क्रमांक जोडलेला आहे. दुसरे घर चांदवडला आहे. नवरा सावध असल्यामुळे तिकडे जाताना तो एसटीने किंवा दुचाकीने जातो. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नसतो. एके दिवशी मात्र तिकडचे मूल आजारी पडते आणि तो घाईत गाडी काढतो. घरी त्याने सांगितलेले असते की बंदरावर कंटेनर अडकला आहे, म्हणून न्हावाशेवाला जातो. मुंबईच्या बाजूचा टोल घोटीला आहे. नायिकेच्या मोबाइलवर संदेश येतो तो उलट दिशेच्या, चांदवडच्या वाटेवरल्या पिंपळगाव बसवंतच्या टोलनाक्याचा. हाच संदेश फेब्रुवारीत आला असता तर तिने पाहिलाही नसता, कारण हंगामात त्याचे अर्धे आयुष्य त्या रस्त्यावर जाते. ऑगस्टमध्ये तो खटकतो. अशा वेळी तिला लगेच जाब विचारू देऊ नये. रात्री तो परत आल्यावर तिने एवढेच म्हणावे, “अहो, घाटात पाऊस होता का फार?” आणि त्याने जेवता जेवता कसारा घाटातल्या पावसाचे सविस्तर वर्णन करावे. या प्रसंगात ती काही बोलत नाही, त्याला काही कळत नाही, आणि वाचकाला दोघांचेही मन दिसते. पुढचे सगळे प्रसंग असेच उभे करायचे आहेत: कोणाला काय ठाऊक आहे, आणि कोण ते ठाऊक नसल्याचे दाखवत आहे.

याच सूत्रावर कथेचा कणा ठरेल असा मोठा प्रसंग रचायचा असेल, तर त्र्यंबकेश्वरला जावे. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमान घराण्यांच्या वह्या असतात. आडनाव आणि मूळ गाव सांगितले की पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी निघतात. कोण केव्हा आले, सोबत बायको, मुले, भाऊ कोण होते, हे त्यांत लिहिलेले सापडते. दुसऱ्या घरातल्या बाईला बरीच वर्षे मूल नव्हते आणि तिच्या आग्रहाखातर नवरा नारायण नागबळी करायला तिथे गेला होता, असे समजू. तीन दिवसांचा तो विधी दांपत्याने करायचा असतो. संकल्पाच्या वेळी गोत्र आणि गाव विचारले जाते, आणि दोन्ही घरांत सर्रास खोटे बोलणारा हा माणूस देवापुढे मात्र खरे आडनाव आणि खरे गाव सांगतो. त्यामुळे त्याच्याच कुळाच्या वहीत, त्याच्याच अक्षरात, त्याच्या नावाशेजारी दुसऱ्या बाईचे नाव लागते. माणसाचा असा एक अढळ कोपरा सापडला, की तो केवळ खलनायक राहत नाही, आणि त्याचा घात त्याच्यातल्या सगळ्यांत प्रामाणिक गोष्टीने होतो.

ही वही नायिकेसमोर अचानक उघडू नये. नोंद होताना वाचकाला आधीच दाखवावी. मग कित्येक प्रकरणांनंतर, घरात सहज बोलणे निघावे की सासऱ्यांच्या पश्चात त्रिपिंडी श्राद्ध राहून गेले आहे, आणि दिराने तारीखही ठरवून टाकावी. त्या क्षणापासून प्रत्येक साधे वाक्य ताणले जाते. नवरा म्हणतो गर्दी असेल, सासूबाई म्हणतात पाऊस कमी झाला की जाऊ, दीर म्हणतो आपले उपाध्ये ठरलेले आहेत, दुसरीकडे कशाला जायचे. नाशिकहून त्र्यंबकेश्वर सुमारे ३० किलोमीटर आहे. या प्रवासाला मी एक पूर्ण प्रकरण देईन. २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीचा काळ निवडला, तर उखडलेले रस्ते, बंदोबस्त आणि वळवलेली वाहतूक हे सगळे उशीर घडवायला आयते मिळते, फक्त त्या गर्दीचे वर्णन कथेवर चढू देऊ नये.

दुसऱ्या बाईला लिहिताना सर्वाधिक काळजी घ्यावी. तिलाही फसवले गेले आहे. तिच्या दृष्टीने तीच बायको आहे, तिच्याही गळ्यात मंगळसूत्र आहे, आणि महिन्यातले पंधरा-वीस दिवस नवरा ‘फिरतीवर’ असतो हे तिने समजुतीने स्वीकारले आहे. निदान दोन प्रकरणे तिच्या नजरेतून लिहावीत. दोघींची भेट भांडणाने सुरू करण्याचा मोह आवरावा. एकीने दुसरीच्या घरातली आपल्या घरासारखीच एखादी वस्तू ओळखावी आणि बसायला जागा मागावी, एवढे पुरेसे आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात पण अचूक हवी. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानुसार पहिला विवाह अस्तित्वात असताना केलेला दुसरा विवाह शून्य, म्हणजे मुळातच अवैध, ठरतो. त्या संबंधातली मुले मात्र कायद्याने औरस मानली जातात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली या गुन्ह्याला सात वर्षांपर्यंत, आणि पहिला विवाह लपवून दुसरा केला असल्यास दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. गुन्हा अदखलपात्र असल्यामुळे पोलिसांनी तडक बेड्या ठोकल्याचा शेवट लिहू नये. शिवाय दुसरा विवाह आवश्यक विधींसह झाला हे सिद्ध करावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्येच स्पष्ट केले आहे. याचा अर्थ असा, की वहीतली नोंद नायिकेचा संसार मोडते, पण न्यायालयात एकटी पुरत नाही. लग्न लावणारा पुरोहित, फोटो किंवा साक्षीदार तिला शोधावे लागतात, आणि ते दुसऱ्या बाईकडेच असतात. कथेच्या उत्तरार्धाला इथून नवे बळ मिळते, कारण जिला उद्ध्वस्त करायचे तिचीच साक्ष नायिकेला हवी असते, आणि साक्ष दिली तर आपले लग्न शून्य ठरेल हे त्या दुसरीलाही कळलेले असते.

पहिला खर्डा झाल्यावर तो तीनदा वेगवेगळ्या हेतूने वाचावा. एकदा केवळ नवऱ्याचे वेळापत्रक तपासावे. एका दिवशी तो दोन ठिकाणी नाही ना, हे तक्त्याशी ताडून पाहावे. एकदा नायिकेला कोणत्या प्रकरणात काय ठाऊक आहे एवढेच समासात लिहीत जावे, आणि जिथे तिला हक्काने कळायला हवे ते केवळ कथा लांबावी म्हणून कळलेले नाही, ती पाने निर्दयपणे काढावीत. तिसरे वाचन दुसऱ्या घरातल्या मुलाचे आहे. प्रत्येक प्रकरणात तो कुठे आहे, त्याने काय ऐकले, त्याला कोणी काय सांगितले, हे लिहून काढावे. ज्या प्रकरणांत याचे उत्तर मिळत नाही, ती पुन्हा लिहावीत.