अंगठी कुणाच्या तुकड्यात? आयरिश बार्मब्रॅक घरी कसा करावा

३१ ऑक्टोबरला, हॅलोविनच्या दिवशी, आयर्लंडमध्ये घरोघरी बार्मब्रॅक हा मनुकांचा गोड पाव कापला जातो आणि सगळ्यांचं लक्ष सुरीकडे असतं. पावाच्या पोटात अंगठी, नाणं, कापडाची चिंधी, काडी आणि वाटाण्याचा दाणा दडलेला असतो. अंगठी निघाली तर वर्षाच्या आत लग्न, नाणं निघालं तर पैसा, चिंधी निघाली तर गरिबी. काडी म्हणजे भांडणाचा संसार आणि वाटाणा म्हणजे यंदा बोहल्यावर चढायचं नाव नको. आज तिथे दुकानातून आणलेल्या पावात बहुधा फक्त अंगठी असते. वाईट बातमी विकत कोण घेणार?

हॅलोविन म्हटलं की आपल्याला अमेरिकेतले भोपळे आठवतात. पण सणाचं मूळ आयर्लंडच्या साविनमध्ये आहे, म्हणजे सुगी संपून हिवाळा लागण्याच्या वेळेत. कंदीलही तिथे आधी सलगम कोरून करत. पावाचं आयरिश नाव बारीन ब्रॅक, म्हणजे ठिपक्यांचा पाव. जुना पाव यीस्टचा असे. खाली दिला आहे तो चहातला सोपा प्रकार.

आदल्या रात्री
३०० मिली कडक, बिनदुधाचा गरम चहा गाळून घ्या. त्यात ३५० ग्रॅम बेदाणे आणि काळे मनुके, १२५ ग्रॅम ब्राउन शुगर घालून झाकून ठेवा. ही पायरी घाईत उरकू नका. पहिल्या वेळी मी तासाभरात आटोपतं घेतलं, तर वरचे मनुके भट्टीतल्या कोळशासारखे झाले आणि पाव कोरडा पडला. रात्रभरात फळं टम्म फुगतात. उरलेला चहा ओतून देऊ नका, पिठात तोच लागतो.

सकाळी
२२५ ग्रॅम मैदा, अडीच चमचे बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि चमचाभर दालचिनी-जायफळ-लवंगेची पूड एकत्र चाळा. त्यात एक फेटलेलं अंडं आणि चहासकट फळं घालून हलक्या हाताने मिसळा. तूप-लोणी काहीच नाही, त्यामुळे लांबट साच्याला आतून बटर पेपर लावायलाच हवा.

आता नशीब भरायचं. अंगठी बिनखड्याची, साधी घ्या. लग्नातली सोन्याची नको, भाकितापेक्षा शोधाशोधच जास्त होईल. प्रत्येक वस्तू धुऊन, कोरडी करून बटर पेपरच्या मोठ्या, ठळक पुडीत बांधा. अर्धं पीठ ओता, पुड्या ओळीने मांडा, वरून उरलेलं पीठ घाला. घरात लहान मूल असेल तर पुड्या पावात घालूच नका, कापलेल्या तुकड्यांच्या बशीखाली लपवा. मोठ्यांनाही आधी सांगून ठेवा, नाहीतर दातांच्या डॉक्टरांचंच भाग्य उजळायचं.

ओव्हन आधीच १७० अंशांवर तापवून तासभर भाजा. वरून फार काळा पडू लागला तर फॉइल झाका. मध्ये सुई खुपसून पाहा, ओली निघाली तर आणखी दहा मिनिटं.

कापताना
अडचण एकच: पुड्या मांडणाऱ्याला सगळं माहीत असतं! काही वर्षं माझ्या ताटात लागोपाठ नाणंच पडत गेलं, तेव्हा घरच्यांनी हिशेब मागितला. तेव्हापासून साचा भरला की तो झाकून दुसरा कुणीतरी दोन-तीनदा फिरवतो, आणि पाव पूर्ण गार झाल्यावर तिसराच कापतो. दुसऱ्या दिवशी चव जास्त मुरते. पातळ तुकड्यावर लोणी फासा. शिळा झाला तर भाजून घ्या.

चिंधी निघेल त्याने भांडी घासायची, हा नियम आमच्या घरचा, आयर्लंडचा नव्हे. फळं भिजवलेल्या भांड्यावर चहाचा डाग बसतो, त्यावर खायचा सोडा ओला करून चोळायचा, पाच मिनिटं थांबायचं आणि धुवायचं.