ऑइल बदललं, फिल्टर जुनाच ठेवला? या चुका टाळा

"ऑइल नवीन टाकलंय, फिल्टर पुढच्या वेळी बघू." गाडीचं काम स्वतः करायला शिकणाऱ्या दहातल्या पाच जणांकडून मी हे ऐकतो. माझा नियम साधा आहे: ऑइल बदललं की फिल्टरही बदलायचा. काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये एकाआड एक वेळी फिल्टर बदलायला सांगितलेलं असतं. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये तसं स्पष्ट लिहिलं असेल तर कंपनीचं ऐका, पण अंदाजाने ठरवू नका.

कारण बघा. लहान कारच्या जुन्या फिल्टरमध्येही साधारण पाव लिटर काळं ऑइल साठलेलं असतं. इंजिन सुरू केलं की ते तुमच्या सोन्यासारख्या नव्या ऑइलमध्ये मिसळतं. त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. फिल्टरचा कागद कचऱ्याने तुंबला तरी इंजिन ऑइलविना राहू नये म्हणून बायपास व्हॉल्व्ह असतो. तो उघडला की ऑइल न गाळताच थेट बेअरिंगकडे जातं. डॅशबोर्डवर दिवा लागत नाही, आवाज बदलत नाही, गाडी छान पळत राहते. झीज मात्र सुरू झालेली असते.

आता दुसरी चूक. हिच्यापायी मी एका संध्याकाळी तीन तास जमिनीवर आडवा होतो. मामेभावाने पहिल्यांदाच घरी ऑइल बदललं. फिल्टर नवा, ऑइल चांगलं, सगळं मनापासून केलेलं. इंजिन सुरू केलं, दोन मिनिटं काही झालं नाही. मग त्याने जरा रेस दिली आणि गाडीखालून ऑइलची धार लागली. त्याने लगेच चावी फिरवली, म्हणून इंजिन वाचलं. मी फिल्टर खोलून बघितला तर जुन्या फिल्टरची रबर रिंग इंजिनलाच चिकटून राहिलेली, काळी, चपटी, बोट फिरवल्याशिवाय कळणारही नाही अशी. तिच्यावर नव्या फिल्टरची रिंग बसलेली. दोन रिंगा एकमेकींवर टिकत नाहीत, प्रेशर वाढलं की सरकतात. तेव्हापासून जुना फिल्टर हातात आला की त्याची रिंग त्याच्यासोबत आली का, हे मी आधी बघतो. मग स्वच्छ फडक्याने इंजिनावरची बसायची जागा पुसतो आणि बोट फिरवतो. याला अर्धं मिनिट लागतं.

पाना लावून फिल्टर आवळणं ही तिसरी चूक. पाना फक्त खोलायला. नव्या रिंगेला बोटाने थोडं ऑइल लावा, रिंग टेकेपर्यंत फिल्टर हाताने फिरवा आणि मग साधारण पाऊण फेरा द्या. फिल्टरच्या डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर ते माना. करकचून आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी सुटत नाही, पत्रा मात्र पिळवटतो.

कार्ट्रिज प्रकारात, म्हणजे जिथे पत्र्याचा डबा नसतो आणि झाकण उघडून आतला कागदी फिल्टर तेवढा बदलायचा असतो, तिथे झाकणाची ओ-रिंगही (गोल रबर रिंग) बदला. बहुतेक वेळा ती फिल्टरसोबतच मिळते.

ड्रेन बोल्टचा (जुनं ऑइल खाली सोडायला खोलतो तो बोल्ट) वायसर जुना चपटा झालेला असेल तर नवा घाला.

अनेक छोट्या मोटरसायकलींना कागदी फिल्टर नसतोच. तिथे जाळी असते, ती काढून धुवायची असते आणि नेमकी तीच विसरली जाते.

ऑइल टाकून लगेच डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) बघून समाधान मानणं हीसुद्धा घाईच. नवा फिल्टर रिकामा असतो, इंजिन सुरू झालं की तो आपल्या वाट्याचं ऑइल ओढून घेतो. मी इंजिन सुरू करतो, ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझतोय ना बघतो, एखादं मिनिट चालू ठेवून खाली वाकून ठिबक तपासतो. मग बंद करून पाच-दहा मिनिटं थांबतो आणि सपाट जागेवर पातळी पुन्हा बघतो. कमी असेल तर थोडं थोडं टाकतो. वरच्या खुणेपलीकडे भरत नाही.

शेवटी फिल्टरच्या डब्यावर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहितो. कार्ट्रिज असेल तर बॉनेटच्या आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवतो.