कॅडसाठी लॅपटॉप: घेण्याआधी आणि घेतल्यावर

मेकॅनिकल डिप्लोमा झाल्यावर मी भोसरीतल्या एका टूलरूममध्ये, म्हणजे साचे बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये, ट्रेनी म्हणून लागलो. काम प्लास्टिक मोल्डच्या (साच्यांच्या) डिझाईनचं, तेही सॉलिडवर्क्स या कॅड सॉफ्टवेअरवर; कॅड म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाईन करणं. घरी सराव करता यावा म्हणून वडिलांनी पतसंस्थेतून कर्ज काढून लॅपटॉप घेऊन दिला. दुकानदार म्हणाला, "आय-सेव्हन प्रोसेसर आहे, डोळे झाकून न्या." आम्ही नेला.

पहिल्याच आठवड्यात मोल्डची साठ-सत्तर पार्टची असेंब्ली, म्हणजे सगळे पार्ट जोडलेलं मॉडेल, उघडली. मॉडेल फिरवायला गेलो की चित्र अडखळत सरकायचं, आणि अर्ध्या तासात कीबोर्ड इतका तापायचा की वर हात ठेववत नसे. आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटून मी पंधरा दिवस कुणाला बोललो नाही. शेवटी लॅपटॉप कंपनीत नेला, तेव्हा आमच्या सिनियर डिझायनरनी टास्क मॅनेजर, म्हणजे कशावर किती भार आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडून दाखवला. जीपीयू म्हणजे चित्र काढणारी चिप; एका बाजूला जीपीयू ०, दुसऱ्या बाजूला जीपीयू १. मी मॉडेल फिरवत होतो आणि जीपीयू १, म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्ड, शून्य टक्क्यावर होतं. सगळा भार प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्सवर. ज्याचे जास्तीचे पैसे मोजले, ते कार्ड पंधरा दिवस नुसतं बसून होतं.

उपाय दोन मिनिटांचा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग डिस्प्ले, मग ग्राफिक्स. तिथे सॉलिडवर्क्स जोडायचं आणि 'हाय परफॉर्मन्स' निवडायचं. मग सॉलिडवर्क्सच्या परफॉर्मन्स ऑप्शन्समध्ये 'यूज सॉफ्टवेअर ओपनजीएल' यावर टिक आहे का ते बघायचं. असेल तर कार्ड वापरलंच जात नाही, म्हणून ती काढायची. एखादी फाइल उघडी असली की ही टिक बदलता येत नाही, त्यामुळे आधी सगळ्या फाइल बंद करा. माझं मॉडेल त्या दिवसापासून सरळ फिरायला लागलं.

तापणं मात्र थांबलं नाही, कारण ती चूक खरेदीतली होती. प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं अक्षर आम्ही वाचलंच नव्हतं. माझा होता यू, म्हणजे कमी विजेवर चालणारा, पातळ लॅपटॉपसाठीचा. कॅडला एच किंवा एचएक्स बघा, हे जास्त वीज घेऊन जास्त वेगाने चालतात. सॉलिडवर्क्समध्ये रिबिल्ड होतं, म्हणजे बदलानंतर मॉडेल पुन्हा तयार होतं, तेव्हा फीचर ट्रीमधलं (मॉडेल बनवण्याच्या पायऱ्यांच्या यादीतलं) एकेक फीचर वरून खाली सोडवलं जातं. आधी बॉस (उंचवटा), मग त्यात होल, मग त्याच्या कडेला फिलेट (गोलाई). होल झाल्याशिवाय फिलेट होणार नाही, म्हणून हे काम प्रोसेसरच्या दहा कोअरमध्ये, म्हणजे एकाच वेळी काम करणाऱ्या भागांमध्ये, वाटून देता येत नाही. कोअर किती आहेत यापेक्षा एक कोअर किती वेगाने पळतो आणि तापल्यावर तो वेग किती टिकतो, ते महत्त्वाचं. रेंडरिंगला, म्हणजे मॉडेलचं फोटोसारखं चित्र बनवायला, मात्र जास्त कोअरचा खरोखर फायदा होतो. दुकानात अंदाज घ्यायचा असेल तर चार्जरवरचा वॅटचा आकडा वाचा. यू प्रकारच्या लॅपटॉपला बहुधा ४५ किंवा ६५ वॅटचा चार्जर असतो. चांगलं कार्ड आणि एचएक्स असेल तर तो दीडशेच्या पुढे जातो. जड चार्जर बॅगेत वागवावा लागेल, पण घ्याच.

रॅम १६ जीबीपेक्षा कमी नको. असेंब्ली करणार असाल तर ३२. आज बजेट नसेल तर निदान रॅमचा स्लॉट मोकळा आहे का ते विचारा, कारण काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते आणि नंतर वाढवता येत नाही. एसएसडी (वेगवान डिस्क) हवीच. सॉलिडवर्क्ससाठी प्रमाणित केलेली वर्कस्टेशन कार्डं वेगळी असतात आणि महाग असतात. शिकायला जीफोर्स, म्हणजे गेमिंगच्या लॅपटॉपमध्ये येतं ते कार्ड, पुरतं. मॅक घेऊ नका असं मी स्पष्टच सांगेन. ऑटोकॅड या दुसऱ्या कॅड सॉफ्टवेअरची मॅकसाठी आवृत्ती आहे, सॉलिडवर्क्स विंडोजसाठीच बनलंय.

पैसे वाचवायचे तर ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कचं शैक्षणिक लायसन्स घ्या. विद्यार्थ्यांना ते वर्षभर मोफत मिळतं आणि शिकत असेपर्यंत दरवर्षी वाढवता येतं. क्रॅक, म्हणजे चोरीचं सॉफ्टवेअर, टाकून लॅपटॉपमध्ये व्हायरस आणू नका.

चाकाचा माऊस पहिल्या दिवशीच घ्या. चाक दाबून धरलं की सॉलिडवर्क्समध्ये मॉडेल फिरतं, ऑटोकॅडमध्ये ड्रॉइंग सरकतं. टचपॅडवर हा हात बसतच नाही. काम करताना चार्जर लावलेला ठेवा, बॅटरीवर वेग उतरतो. असेंब्लीच्या फाइल डेस्कटॉपवर विखरून ठेवू नका. प्रत्येक जॉबला एक फोल्डर करा, आणि कुणाला द्यायचं झालं तर सॉलिडवर्क्समधलं 'पॅक अँड गो' वापरा, ते असेंब्ली आणि तिचे सगळे पार्ट एकत्र बांधून देतं, नाहीतर समोरच्याकडे असेंब्ली उघडते आणि आतले पार्ट सापडत नाहीत.

तो पहिला लॅपटॉप आता धाकट्या बहिणीकडे आहे. ती सिव्हिलला आहे, ऑटोकॅडमध्ये टूडी प्लॅन काढते, आणि तेवढ्याला तो छान पुरतो.