घरी कॅमेरा ड्रोन बनवताय? पार्ट निवडताना आणि वायरिंग करताना या चुका टाळा

पहिली चूक सोल्डरिंग गन हातात घ्यायच्या आधीच होते, खरेदी करताना. आधी मोटर आवडते, मग तिला शोभेल अशी फ्रेम, मग बॅटरी, आणि सगळं घेऊन झाल्यावर लक्षात येतं की अरे यावर कॅमेरा पण बसवायचाय. मग तो कॅमेरा आणि त्याचा माउंट कसाबसा पुढे टांगला जातो, ड्रोन नाकावर झुकतो, पुढच्या दोन मोटरी गरम होतात आणि दोष मोटरींना दिला जातो.

कॅमेरा ड्रोनचा हिशोब कॅमेऱ्यापासून सुरू करायचा. ॲक्शन कॅमेरा दीडशे ग्रॅमच्या आसपास असतो, गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारा मोटरवाला माउंट) असेल तर त्याचं वजन वेगळं. त्यात फ्रेम, मोटरी, बोर्ड, वायरी, जीपीएस, एक बॅटरी असं सगळं मिळवा. समजा १२०० ग्रॅम झालं. चार मोटरी आहेत म्हणजे हवेत नुसतं थांबायलाच प्रत्येकीला ३०० ग्रॅम उचलावे लागणार. तीच मोटर, तुम्ही लावणार आहात तोच प्रॉप (पंखा), तेवढेच सेल, यावर फुल थ्रॉटलला निदान ६०० ग्रॅम मिळतात का बघा, ७०० मिळत असतील तर जास्त बरं, कारण वाऱ्यात ड्रोन जागेवर धरायला हातात काहीतरी शिल्लक लागतं. थ्रस्ट टेबलमधला (मोटर किती करंटला किती ग्रॅम उचलते त्याचा तक्ता) सगळ्यात मोठा आकडा बघून ऑर्डर टाकू नका, तो कुठल्या प्रॉपवर आणि किती व्होल्टला मोजलाय ती ओळ वाचा.

आता उडण्याचा वेळ. ३०० ग्रॅम उचलताना एक मोटर ४एसवर, म्हणजे चार सेलच्या बॅटरीवर, ३ अँपिअर घेते असं टेबल सांगत असेल तर चारांचे १२, वर कॅमेरा आणि व्हिडिओ ट्रान्समीटरचा १ धरा, झाले १३ अँपिअर. ४००० एमएएचची बॅटरी ८० टक्केच वापरायची, म्हणजे ३.२ अँपिअर-तास, त्याला १३ ने भागलं की साधारण १५ मिनिटं. इथे हमखास डोक्यात येतं की बॅटरी दुप्पट लावू, अर्धा तास मिळेल. नाही मिळत. तेवढी दुसरी बॅटरी म्हणजे अजून ४०० ग्रॅम, प्रत्येक मोटरला आता ४०० ग्रॅम उचलायचेत आणि करंट वजनाच्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून जास्त वाढतो, १२ चे साडेअठराच्या घरात जातात. हिशोब करून बघा, २० मिनिटांच्या आतबाहेर येतं. वर ७०० ग्रॅमच्या मोटरी असतील तर आता थ्रस्ट वजनाच्या दुप्पटसुद्धा उरत नाही. पाच मिनिटं वाढली, पण ड्रोन मठ्ठ झाला आणि मोटरी कायम तापलेल्या.

केव्हीच्या बाबतीत पण असंच. केव्ही म्हणजे लोड नसताना एका व्होल्टला मोटर मिनिटाला किती फेरे घेते तो आकडा, जास्त केव्ही म्हणजे जास्त ताकद असं मुळीच नाही. फुल चार्ज सेल ४.२ व्होल्टचा, म्हणजे ४एस १६.८ आणि ६एस २५.२ व्होल्ट. २४५० केव्हीची मोटर ४एसवर ४१ हजार फेऱ्यांच्या हिशोबाने बनवलेली असते, तीच ६एसवर लावली की हिशोब ६१ हजारांच्या पुढे जातो आणि मग आधी ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) जातो की मोटर एवढाच प्रश्न उरतो. ६एस हवंच असेल तर १७००-१९०० केव्ही बघा. आणि शूटिंगसाठी मोठा प्रॉप सावकाश फिरलेला केव्हाही चांगला, आवाज कमी, करंट कमी, व्हिडिओ पण शांत येतो.

बॅटरीवर छापलेल्या सी रेटिंगवर (क्षमतेच्या किती पट करंट देईल तो आकडा) फार विसंबू नका. १५०० एमएएच आणि १०० सी म्हणजे कागदावर १५० अँपिअर होतात, पण छोट्या पॅकमधून तेवढे सलग निघतील असं धरून चालू नका. थ्रॉटल दिल्यावर व्होल्टेज किती खाली बसतं ते बघा, बॅटरीची खरी लायकी तिथे कळते.

कपॅसिटर न लावणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण पार्ट छोटासा आहे, बऱ्याचदा ईएससीच्या बॉक्समध्येच मिळतो आणि लोक तो जागा नाही म्हणून बाजूला ठेवून देतात. मोटर एकदम हळू होते तेव्हा ईएससी तिला ब्रेक लावतो आणि ती ऊर्जा उलटी बॅटरीच्या वायरीकडे येते, वायर जितकी लांब तितका व्होल्टेजचा झटका मोठा. हा झटका बॅटरीच्या व्होल्टेजच्या बराच वर जातो, मग व्हिडिओत आडव्या रेघा येतात, कधी जायरोमध्ये (ड्रोनचं फिरणं मोजणारा सेन्सर) नॉइज येतो आणि कधी चांगला चाललेला व्हिडिओ ट्रान्समीटर एका लँडिंगनंतर चालूच होत नाही. ४एसला ३५ व्होल्टचा लो-ईएसआर (आतला रेझिस्टन्स कमी असलेला) कपॅसिटर, ६एसला मी ५० व्होल्टचाच लावतो, ४७० ते १००० मायक्रोफॅरड. तो बॅटरीच्या पॅडवरच लावायचा, पाय आखूड ठेवायचे, लांब वायर काढून फ्रेमच्या मागे चिकटवला तर निम्मा उपयोग गेला. ज्या बाजूला पट्टा आहे तो मायनस, उलटा लावला तर फुटतो, सरळ फुटतो.

सोल्डर आणि स्क्रू

बॅटरीचं पॅड जाड तांब्याच्या थराला जोडलेलं असतं, ते उष्णता पिऊन टाकतं. बारीक टोकाच्या, कमी वॅटच्या गनने तुम्ही तिथे दोन मिनिटं घासत बसता, सोल्डर वरून गोळा होऊन बसतं आणि वायर पकडल्यासारखी वाटते, पण खाली चिकटलेलीच नसते. मग हवेत करंट वाढला की तोच जॉइंट तापतो आणि सुटतो. ६० वॅटच्या वरची गन, छिन्नीसारखं चपटं टोक, भरपूर फ्लक्स, आणि आधी पॅडवर वेगळं, वायरवर वेगळं सोल्डर चढवून मग दोन्ही एकत्र वितळवायचं. ६३/३७ सोल्डर १८३ अंशाला वितळतं, पण जाड पॅडसाठी गन ३८०-४०० ला ठेवावी लागते, आणि काम तीन-चार सेकंदांत झालं पाहिजे. चांगला जॉइंट चकाकतो आणि वायरकडे उतार घेत चढतो, डबडबीत मण्यासारखा दिसला तर परत करा. वायर घेताना एडब्ल्यूजीचा आकडा उलटा चालतो हे विसरू नका, १२ जाड आणि १६ त्याहून बारीक.

मोटरच्या स्क्रूमुळे किती मोटरी गेल्या असतील याची मोजदाद नाही. आर्म ५ मिमी जाड असेल तर ८ मिमीचा स्क्रू मोटरमध्ये ३ मिमी जातो, तेवढं पुरतं. तोच स्क्रू ४ मिमीच्या आर्ममध्ये लावला तर जास्तीचा एक मिमी वर जाऊन वाइंडिंगला टेकू शकतो. मोटर फिरते, हाताला काही जाणवत नाही, पण तांब्यावरचं वार्निश खरवडलं जातं. आणि कार्बन फायबरमधून करंट जातो हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, म्हणजे अशा दोन मोटरी फ्रेममधून एकमेकींना जोडल्या जातात. स्क्रू लावून झाले की मल्टीमीटर बीपवर ठेवा, एक टोक मोटरच्या वायरला, दुसरं स्क्रूला. बीप आला की स्क्रू बदला.

पाच व्होल्टवर सगळ्यांचा भार

फ्लाइट कंट्रोलरवर (ड्रोन सांभाळणारा मुख्य बोर्ड) ५ व्होल्ट लिहिलेलं पॅड दिसलं की रिसीव्हर तिथे, जीपीएस तिथे, कॅमेरा तिथे, एलईडी तिथे असं होत जातं. त्या रेग्युलेटरला मर्यादा असते, २ किंवा ३ अँपिअर, बोर्डच्या माहितीत लिहिलेली असते. रिसीव्हर आणि जीपीएस फार खात नाहीत, पण रंगीत एलईडी पूर्ण पांढऱ्यावर एकेक ६० मिलीअँपिअर घेतो, २० लावले की १.२ अँपिअर तिथेच संपले, आणि ॲक्शन कॅमेरा चार्जिंगला जोडलात तर तो अजून एखादा ओढतो. मग रेग्युलेटर तापतो, व्होल्टेज पडतं आणि फ्लाइट कंट्रोलर हवेत रीस्टार्ट होतो. कॅमेऱ्याला आणि एलईडीला वेगळा बीईसी (बॅटरीचं व्होल्टेज उतरवून देणारा रेग्युलेटर) द्या. डिजिटल व्हिडिओ ट्रान्समीटर ९ किंवा १० व्होल्टच्या पॅडवर, आणि तो अँटेना लावल्याशिवाय कधीच चालू करायचा नाही, टेबलावर नुसतं टेस्टिंगला पण नाही. ॲनालॉग असेल तर कॅमेरा आणि ट्रान्समीटरचा ग्राउंड एकाच ठिकाणाहून घ्या, थ्रॉटलबरोबर सरकणाऱ्या रेघा निम्म्या तिथेच जातात.

जीपीएस किंवा रिसीव्हर दिसत नाही म्हणून घाबरू नका, बहुतेक वेळा टीएक्स (पाठवणारं टोक) आणि आरएक्स (घेणारं टोक) सरळ जोडलेले असतात. जीपीएसचा टीएक्स बोर्डच्या आरएक्सला जायला हवा, याने काही जळत नाही, फक्त दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. कंपासच्या एसडीए-एससीएल या दोन वायरी मात्र सरळ जोडायच्या. एसबस (सिग्नल पाठवायची एक पद्धत) वापरणारा रिसीव्हर एफ४ प्रोसेसरच्या बोर्डवर असेल तर त्याच्यासाठी असलेल्या खास पॅडवरच लावा, त्याचा सिग्नल उलटा असतो. एफ७ आणि एच७ला हा त्रास नाही.

जीपीएस कॅमेऱ्याच्या शेजारी

यात मी स्वतः जवळजवळ दोन आठवडे घालवलेत. टेबलावर १४ सॅटेलाइट यायचे, मैदानात नेलं की ५, कधी ४. जीपीएस बदलला, वायर बदलली, फर्मवेअर परत टाकलं, काही फरक नाही. मग एकदा रेकॉर्डिंग बंद करायला कॅमेऱ्याचं बटण दाबलं आणि स्क्रीनवर आकडा ५ वरून ९, मग १२ असा चढताना दिसला. परत रेकॉर्ड दाबलं, परत खाली. तिथेच उभा राहून पाच-सहा वेळा चालू-बंद करून बघितलं, दरवेळी तेच. जीपीएसचा सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो आणि तो इतका क्षीण असतो की कॅमेऱ्यातल्या प्रोसेसर आणि मेमरी कार्डचा नॉइज त्याला सहज झाकून टाकतो. माझा जीपीएस कॅमेऱ्याच्या बरोबर मागे, जेमतेम चार सेंटीमीटरवर होता. तो मागच्या टोकाला दांडीवर उंच नेला, खाली ग्राउंडला जोडलेला तांब्याचा पत्रा दिला, आणि रेकॉर्डिंग चालू असताना पण १३-१४ सॅटेलाइट टिकायला लागले. टेबलावर कॅमेरा बंद असायचा म्हणून तिथे सगळं छान दिसायचं. म्हणून सॅटेलाइट मोजताना कॅमेरा रेकॉर्डिंगवर आणि व्हिडिओ ट्रान्समीटर चालू ठेवूनच मोजा.

कंपासचं दुखणं वेगळं, त्याला बॅटरीची वायर नडते. १२ अँपिअर वाहणाऱ्या एकट्या वायरपासून २ सेंटीमीटरवर सुमारे १२० मायक्रोटेस्ला चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि पृथ्वीचं स्वतःचं २५ ते ६५ एवढंच असतं. म्हणजे कंपासला उत्तर दिशा नाही, तुमची वायर दिसते, आणि थ्रॉटलबरोबर ती दिशा बदलत राहते. पोझिशन होल्डला ड्रोन जागेवर थांबायच्या ऐवजी गोल गोल फिरत मोठमोठी वर्तुळं घेत असेल तर पहिला संशय इथे घ्या. प्लस आणि मायनस एकमेकांना पीळ देऊन न्या, दोघांची क्षेत्रं बरीचशी एकमेकांना मारतात, आणि कंपास लांब ठेवा.

व्हिडिओ जेलीसारखा हलत असेल तर लोक फ्लाइट कंट्रोलरखाली रबर घालतात, ते बरोबरच आहे, पण त्याच बोर्डला जाड सिलिकॉन वायर ताणून लावलेली असते आणि सगळी थरथर त्या वायरमधून आत येते. वायरला थोडा झोल ठेवा. गिंबलच्या वायरीला तर नक्कीच, ती ताठ असेल तर गिंबलची मोटर सतत तिच्याशी झगडत राहते आणि तापते. गिंबल पॉवर न देता हाताने बॅलन्स करा, कॅमेरा कुठल्याही कोनात सोडला तरी तिथेच थांबला पाहिजे.

पहिल्यांदा बॅटरी लावताना

प्रॉप काढलेले. अपवाद नाही. बॅटरी कनेक्टरच्या प्लस-मायनसवर मल्टीमीटर लावा, क्षणभर बीप होऊन थांबला तर तो कपॅसिटर चार्ज होतोय, सलग वाजत राहिला तर शॉर्ट आहे. मग ४एसला प्लसच्या वायरमध्ये गाडीचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये घालून बॅटरी जोडा. बल्ब एकदा लखकन पेटून विझला किंवा मंद राहिला तर ठीक, पूर्ण पेटून राहिला तर शॉर्ट आहे, पण करंट बल्बमध्ये अडला आणि बोर्ड वाचला. वितळलेल्या सोल्डरचा मोहरीएवढा मणी ईएससीच्या दोन पायांमध्ये अडकलेला मी याच बल्बमुळे पकडलाय, डोळ्यांना तो दिसला नव्हता.

मोटरींचा नंबर आणि दिशा सॉफ्टवेअरमध्ये एकेक करून तपासा. उडताक्षणी उलटणारा ड्रोन म्हणजे मोटरचा क्रम, फिरण्याची दिशा, उलटा बसवलेला प्रॉप किंवा बोर्ड फिरवून लावून सॉफ्टवेअरला न सांगणं, या चारांतलं एक काहीतरी. रिमोट बंद करून फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर ड्रोन काय करतो ते) पण इथेच बघून घ्या.

पहिलं उड्डाण एका मिनिटाचं, कंबरेएवढ्या उंचीवर. उतरवा, बॅटरी काढा आणि लगेच चारही मोटरींना बोट लावा. चारही सारख्या कोमट असतील तर पुढचं उड्डाण तीन मिनिटांचं करा. बोट ठेवता येत नसेल एवढ्या चारही तापल्या तर प्रॉप मोठा आहे किंवा वजन जास्त. पुढच्या दोनच गरम असतील तर बॅटरी मागे सरकवा, वजन मधोमध आलेलं नाही. आणि एकच तापली असेल तर तो प्रॉप काढा, मोटर हाताने फिरवून बेअरिंग खरखरतंय का बघा आणि तिचे चारही स्क्रू बाहेर काढून पुन्हा मोजा.