साबी सँडची खासगी सफारी: बेत कसा आखावा

दक्षिण आफ्रिकेला जायचं ठरलं की आपण केप टाउन, जोहान्सबर्ग, क्रुगर असं सगळं आठ दिवसांत कोंबतो आणि जंगलाच्या वाट्याला जेमतेम एक रात्र येते. तसं करू नका. आधी एकाच लॉजवर सलग तीन रात्री पक्क्या करा, मग बाकीची सहल त्याभोवती बसवा.

जागा म्हणाल तर माझी पसंती साबी सँडला. क्रुगर राष्ट्रीय उद्यानाला पश्चिमेकडून खेटून असलेलं हे खासगी रान. मधलं कुंपण १९९३ मध्ये काढलं, तेव्हापासून जनावरं दोन्हीकडे मोकळी फिरतात. फरक आहे तो नियमांत. आपल्या ताडोबात जिप्सीला रस्ता सोडता येत नाही, क्रुगरमध्ये पर्यटकांच्या गाड्यांनाही नाही. इथे मात्र लॉजची उघडी गाडी बिबट्यामागे झुडपांत शिरते, अंधार पडल्यावरही फिरते, आणि एका जनावरापाशी साधारण दोन-तीनच गाड्या थांबतात.

खरी चैन म्हणजे बॉनेटवरच्या खुर्चीत बसलेला ट्रॅकर, म्हणजे जनावराचा माग काढणारा. एका पहाटे आमच्या ट्रॅकरने नुसता हात वर केला. गाडी थांबली, तो उतरला आणि वाळूतल्या पंजाच्या कडेला त्याने बोट लावलं. आजूबाजूच्या वाळूवर दवाच्या थेंबांची बारीक नक्षी होती, ठशात एकही थेंब नव्हता. म्हणजे बिबट्याची मादी नुकतीच गेलेली! वीस मिनिटांनी मारुलाच्या फांदीवरून लोंबणारी शेपटी दिसली. म्हणून बुकिंग करताना खोलीचे फोटो नंतर पाहा. गाडीवर वेगळा ट्रॅकर असतो का आणि एका गाडीत किती जण बसवतात, हे आधी विचारा.

त्याच पत्रात बाकीचंही विचारून घ्या. भाडं माणशी, एका रात्रीचं असतं. जेवण आणि जंगलातल्या दोन फेऱ्या त्यात बहुधा धरलेल्या असतात. मद्य, संवर्धन शुल्क, प्रवेशद्वाराचं शुल्क यांचा खुलासा लेखी मागा. लहान मुलांना फेरीवर नेण्यासाठी लॉजागणिक वयाची अट वेगळी. शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर काय चालतं, काय नाही, ते सविस्तर कळवा.

ऋतू आपल्या उलटे. मे ते सप्टेंबर कोरडा हिवाळा, झाडी विरळ, जनावरं पाणवठ्यावर. पहिल्यांदा जाणाऱ्याने तेव्हाच जावं. पहाटे उघड्या गाडीत हुडहुडी भरते, कानटोपी आणि हातमोजे हवेतच. नोव्हेंबरपासून पाऊस, इम्पाला हरणांची पिल्लं आणि स्थलांतरित पक्षी.

व्हिसाचा अर्ज लवकर करा. मुलं बरोबर असतील तर आई-वडील दोघांची नावं असलेला जन्मदाखला जवळ ठेवा. हा मलेरियाचा भाग आहे, गोळ्यांबद्दल डॉक्टरांना निघण्याआधी काही आठवडे भेटा. अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाताना तिथे बारा तासांहून जास्त थांबणार असाल तर पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं, आणि लस दहा दिवस आधी घ्यावी लागते.

जोहान्सबर्गहून क्रुगरमधल्या स्कुकुझाला विमान आहे. लॉजच्या धावपट्टीवर उतरणाऱ्या छोट्या विमानात साधारण वीस किलोच सामान चालतं, तेही मऊ बॅगेत. परतीचं विमान दुपारचं घ्या, म्हणजे शेवटच्या दिवशीची पहाटेची फेरी बुडत नाही.