नळीची वाट बर्फात नको: हंगामाच्या पहिल्या बर्फावर कसं चालावं

हरिश्चंद्रगडाला नळीच्या वाटेनं गेलेल्यांना वेगळं सांगायला नको. सह्याद्रीत वर चढायचं म्हणजे आपण आधी नाळ, म्हणजे दोन कड्यांमधली अरुंद घळ, शोधतो. डिसेंबरात उत्तराखंडातल्या सांक्रीहून केदारकंठाला (3,810 मीटर) किंवा गुलमर्गच्या वरच्या उतारांवर निघताना मात्र ही सवय घरी ठेवा. वरून सुटलेला बर्फ नाळेतच येऊन साचतो, आणि तिथं थोडा बर्फही माणसाला खोल गाडतो.

'अजून फार बर्फ कुठं पडलाय?' हे वाक्य हंगामाच्या सुरुवातीला हमखास ऐकू येतं. पातळ थरच फसवतो. समजा, बर्फ 30 सेंटीमीटर आहे. खाली जमीन शून्य अंशाच्या आसपास, वर निरभ्र रात्रीत पृष्ठभाग उणे 15. म्हणजे मीटरमागे 50 अंशांचा फरक; साधारण 10 अंशांपुढेच कण बदलायला लागतात. खालची वाफ वर सरकते आणि तळाशी जाडसर साखरेसारखे सुटे कण तयार होतात. मुठीत दाबून पाहा, गोळा वळत नाही. पुढं त्यावर ताजा बर्फ पडला आणि वाऱ्यानं तो घट्ट केला, की रव्यावर कडप्प्याची लादी ठेवल्यासारखी अवस्था होते. लादी घसरायला एका माणसाचं वजन पुरतं. सावलीतल्या उत्तरेकडच्या उतारांवर हे कण जास्त टिकतात.

हिवाळ्याची वाटही पाहायला नको. 4 ऑक्टोबर 2022 ला उत्तराखंडात द्रौपदी का डांडा–2 या शिखरावर हिमस्खलनात 29 जण गेले. त्यात बहुतेक गिर्यारोहणाचे प्रशिक्षणार्थी होते.

निघण्याआधी. डीआरडीओची डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. धोक्याच्या पाच पातळ्यांतली तिसरी म्हणजे 'मधली, चालेल' असं समजू नका. गावातल्या गाईडला दोनच गोष्टी विचारा: दोन दिवसांत बर्फ किती पडला, आणि वारा कुठून होता? वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला बर्फ साचतो, ती बाजू टाळा.

उतार मोजा. लादी सुटते ती मुख्यतः 30 ते 45 अंशांच्या उतारावर. दोन्ही ट्रेकिंग काठ्या 120 सेंटीमीटरवर ठेवा आणि एकीला टोकापासून 70 सेंटीमीटरवर चिकटपट्टी लावा. ती काठी ओळंब्यासारखी सरळ उभी धरा. दुसरीची मूठ पट्टीशी टेकवून ती चढाच्या दिशेनं आडवी, समतल धरा. टोक बर्फाला जेमतेम लागलं तर उतार 30 अंशांचा. पूर्ण लांबीआधीच बर्फ लागला तर जास्त, अधांतरी राहिलं तर कमी. ही मोजणी लहानशा, निर्धोक उतारावर करून नजर बसवा. संशयाच्या उतारावर जाऊन मोजायचं नसतं. आणि पायाखाली सपाटी असली तरी डोक्यावर तीव्र उतार असेल तर ती जागाही धोक्याचीच.

वाट सोंडेवरून घ्या. धार, सोंड, दाट झाडी बरी. फक्त धारेच्या कडेला वाऱ्यानं छज्जासारखा बाहेर आलेला बर्फ असतो, त्यापासून बरंच आत चाला.

कान उघडे ठेवा. पायाखाली 'वूम्फ' असा दबका आवाज, पावलापासून पळत जाणारी भेग, शेजारच्या उतारावर नुकतं घसरलेलं दिसणं: यातलं एकही घडलं तर तीव्र उतार सोडून आल्या वाटेनं परता. शिखर राहिलं तर राहू द्या. ओलांडणं टळतच नसेल तर एकेकानं जा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून पाहत राहा.

सामान. प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा माग काढायला संदेश पाठवणारं आणि पकडणारं छोटं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून चाचपायची लांब काठी) आणि धातूचं फावडं. या तीन वस्तूंपैकी एकच असून उपयोग नाही. ट्रान्सीव्हर 457 किलोहर्ट्झवर चालतो. निघतानाच सर्वांचे तपासा आणि मोबाईल त्याच्यापासून लांबच्या खिशात ठेवा.

कुणी गाडलं गेलं तर. तो शेवटचा कुठं दिसला ती जागा डोळ्यांत धरा आणि आणखी काही सुटणार नाही ना, ते पाहून लगेच शोध सुरू करा. जिवंत सापडण्याची खरी संधी पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत असते. मदत आणायला सगळेच खाली धावलात तर ती गेली. सगळ्यांनी ट्रान्सीव्हर शोधावर टाका, प्रोब लागला की तो तसाच रोवून ठेवा आणि उताराच्या खालच्या बाजूनं आडवं खणत आत जा. आधी तोंड आणि नाक मोकळं करा, मग छाती.